हापशातून हाडात

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला, किनवट-देगलूरकडच्या एखाद्या फ्लोराइडबाधित वस्तीतलं घर डोळ्यांसमोर आणावं. सासूबाई साठीच्या आतल्या, पण कंबर धरलेली. मान वळवायची तर सगळं अंगच वळवावं लागतं. सून लांबच्या गावाहून आलेली, तिचे दात पांढरेशुभ्र. तिच्या दोन्ही पोरांच्या समोरच्या दातांवर मात्र आडव्या पिवळट-तपकिरी रेघा. पोरं हिरड्या सोलवटेपर्यंत दात घासतात, पण डाग जात नाहीत. शाळेत मास्तर विचारतात, "दात घासत नाहीस का रे?" पोरगं तोंड मिटून घेतं.

पुढे पंधरा-वीस वर्षांनी त्या सुनेची पाठही सासूसारखी ताठू लागते. दात मात्र अजून पांढरेच.

आता कोडं असं: सासूचं आणि सुनेचं रक्ताचं नातं नाही, मग सासूचं दुखणं सुनेला कसं लागलं? आणि आईचे दात शुभ्र असताना मुलांचे का बिघडले? गावात याची उत्तरं तयार असतात. कुणी वाताचं नाव घेतं, कुणी बाहेरच्या बाधेचं, तर कुणी "आमच्या घराण्यातच आहे" म्हणून मोकळं होतं. खरं उत्तर दारासमोरच्या हापशात असतं. पाण्यातून रोज थोडं थोडं फ्लोराइड पोटात जातं आणि दातांत, हाडांत साठतं. या आजाराचं नाव फ्लोरोसिस. दातांपुरता असेल तो दंत फ्लोरोसिस आणि हाडांत उतरला की अस्थिगत फ्लोरोसिस.

जगात दुर्मीळ, इथे शेजारी

पाश्चात्त्य देशांतल्या डॉक्टरांना अस्थिगत फ्लोरोसिसचा रुग्ण अख्ख्या कारकिर्दीत एखादाच भेटतो. २०१३ साली अमेरिकेच्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकानं मिशिगन राज्यातल्या ४७ वर्षांच्या एका बाईंची हकीकत छापली. कंबर, हात, पाय, नितंब सगळंच पाच वर्षं दुखत होतं. एक्स-रेमध्ये हाडं नको तितकी दाट दिसत होती आणि आधीच्या डॉक्टरांना कॅन्सरची शंका आली होती. बाईंची सवय विचारली तेव्हा उलगडा झाला: गेली सतरा वर्षं त्या रोज शंभर ते दीडशे चहाच्या पुड्या टाकून केलेला भांडंभर काळा चहा पीत होत्या. चहाचं झाड मातीतलं फ्लोराइड पानांत साठवतं. हे निदान डेट्रॉइटच्या ज्या डॉक्टरांनी केलं ते मूळचे भारतीय. असे रुग्ण त्यांनी भारतात पाहिले होते म्हणूनच त्यांच्या ध्यानात आलं.

तिथे जे नियतकालिकात छापण्याजोगं ठरतं, ते इथे सरकारी कार्यक्रमाचा विषय आहे. केंद्र सरकारनं २००८-०९ मध्ये फ्लोरोसिस प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढे महाराष्ट्रातले जे जिल्हे त्यात आले, त्यांत नांदेड आणि लातूर ही दोन्ही नावं आहेत. शेजारचं यवतमाळही आहे. किनवट-माहूर आणि यवतमाळ यांच्यामध्ये पैनगंगा वाहते, पण नदीच्या दोन्ही तीरांना दुखणं सारखंच.

भारतातली पहिली शास्त्रीय नोंद १९३७ सालची. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताठलेल्या पाठीची माणसं तपासली आणि दोष पिण्याच्या पाण्यात शोधला. त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या लक्षात माणसांआधी बैलांचं लंगडणं आलं होतं, असं सांगतात. बैलाची चाल बिघडली तर शेत थांबतं. बाईची कंबर बिघडली तर कुणाचंच काही थांबत नाही, असं समजायची आपल्याकडे रीत आहे.

खडकातून पाण्यात

मराठवाडा म्हटलं की काळा बेसॉल्ट डोळ्यांसमोर येतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे हे थर. या खडकात फ्लोराइड देणारी खनिजं फारशी नाहीत. पण नांदेड जिल्ह्यात पूर्वेकडे सरकत गेलं की बेसॉल्टचं पांघरूण विरळ होतं आणि बिलोली, देगलूर, मुखेड, किनवट या बाजूंना खालचा म्हातारा खडक उघडा पडतो. ग्रॅनाइट आणि त्याच्या कुळातले हे खडक दोनशे कोटी वर्षांहूनही जुने. त्यांत फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, काळा अभ्रक अशी खनिजं असतात आणि फ्लोराइड येतं ते त्यांतूनच.

लातूरच्या पोटात काय आहे हे एका आपत्तीमुळे कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. बेसॉल्ट भरला ३३८ मीटर, त्याखाली काही मीटरचा गाळाचा थर आणि मग तोच प्राचीन खडक. म्हणून लातूरच्या प्रत्येक बोअरमध्ये फ्लोराइड आहे असं मुळीच नाही. पण खोल जाऊ तसं खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं, हालचाल नसलेलं पाणी लागतं. पाणी खडकाला जितका काळ चिकटून राहतं तितकी खनिजं त्यात जास्त उतरतात.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण ती लोकांच्या समजुतीच्या बरोबर उलट आहे. फ्लोराइड आणि कॅल्शियम एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा साका होतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, म्हणजे पाणी जड असेल, तर फ्लोराइडला पाण्यात राहायला फारशी जागा उरत नाही. पाणी हलकं, सोडायुक्त असेल तर फ्लोराइड निवांत विरघळून राहतं. गावात चांगल्या पाण्याची परीक्षा काय? "डाळ लवकर शिजते." डाळ हलक्या पाण्यातच लवकर शिजते. म्हणजे ज्या हापशाची बायाबापड्यांत वाहवा, त्यातच फ्लोराइड जास्त निघण्याचा संभव. फ्लोराइडला चव, वास, रंग काहीच नसतं. शेजारशेजारच्या दोन बोअरच्या पाण्यातही जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

मग पूर्वी लोक काय पीत होते? आड, उथळ विहीर, नदीचा झरा. या पाण्याचा खडकाशी सहवास थोडा, म्हणून फ्लोराइड बहुधा कमी. पण त्यात जंतू होते, नारू होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्यांच्या पायांतून निघणारा तो हातभर लांब किडा जुन्या माणसांना अजून आठवतो. १९७२ चा दुष्काळ पडला, विहिरी आटल्या आणि गावोगावी छिद्रं पाडणारी यंत्रं फिरू लागली. हापसा आला. यात मराठवाड्याचा वाटा मोठा आहे: देशभर पसरलेल्या 'इंडिया मार्क टू' हातपंपाचा पूर्वज 'जालना पंप'. जालन्याला मिशनच्या लोकांनी तो बनवला, सोलापूरला त्यात सुधारणा झाली आणि तिथून तो देशभर गेला. बंदिस्त पाण्यामुळे पटकी-हगवणीला आळा बसला. नारू तर २००० साली देशातून गेल्याचं जाहीर झालं. म्हणजे हापसा वाईट नव्हता. खालचा खडक न तपासता तो बसवला गेला, चूक तिथे झाली.

त्यानंतर बोअर खोल खोल जात राहिले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. शहराला निदान रेल्वे मिळाली. तांड्यांना आणि वाड्यांना तेव्हा बोअर आणखी शे-दोनशे फूट खाली नेणं एवढाच मार्ग होता.

पाच लिटरचा हिशोब

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५. अमेरिकेत दात किडू नयेत म्हणून १९४५ पासून काही शहरं पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालतात, पण तिथली आजची शिफारस आहे ०.७. तेव्हा फ्लोराइड हे विष की औषध, हा प्रश्नच फसवा आहे. रोज पोटात किती जातं, हे विचारायला हवं.

आणि इथे मराठवाड्याचा उन्हाळा मधे येतो. कार्यालयात पंख्याखाली बसणारा माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो. ४२-४३ अंशांच्या उन्हात रोजगार हमीच्या कामावर किंवा ऊसतोडीला गेलेला माणूस पाच लिटर सहज पितो. पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर पहिल्याच्या पोटात ६ मिलिग्रॅम जातं, दुसऱ्याच्या १५. जागतिक आरोग्य संघटनेच्या आढाव्यानुसार दिवसाला ६ मिलिग्रॅमच्या वर हाडांना धोका वाढत असल्याच्या खुणा दिसतात आणि १४ वर तो स्पष्ट असतो. एकच हापसा आणि एकच पाणी, पण जो जास्त राबतो त्याचं हाड आधी धरतं.

शिवाय पाणी फक्त प्यायलं जात नाही. भाकरीचं पीठ त्याच पाण्यात मळतात, वरण त्याच पाण्यात शिजतं. वाफ उडून जाते, फ्लोराइड मागे राहतं. चहाचं वेगळंच. काळ्या मिठात, तंबाखूतही फ्लोराइड असतं.

पोटात गेल्यावर काय होतं? जठरातल्या आम्लामुळे फ्लोराइडचं रूप असं होतं की ते अस्तरातून सहज आरपार जातं आणि अर्ध्या-पाऊण तासात रक्तात उतरतं. पाण्यातून आलेल्या फ्लोराइडपैकी बहुतांश असं शोषलं जातं. जेवणात दूध, दही, तीळ, पालेभाजी असेल तर त्यातलं कॅल्शियम काही फ्लोराइडला आतड्यातच धरून ठेवतं आणि ते विष्ठेवाटे निघून जातं. नुसत्या तिखट-भाकरीवर दिवस काढणाऱ्याला हे संरक्षण नाही.

रक्तातल्या फ्लोराइडला पुढे दोनच वाटा: मूत्रपिंडातून बाहेर, नाहीतर हाडांत. धडधाकट प्रौढात साधारण निम्मं लघवीतून जातं आणि उरलेलं हाडांत बसतं. वाढत्या मुलांत हाडांत बसणारा वाटा त्याहून मोठा, कारण त्यांची हाडं अजून बांधली जात असतात. शरीरात मुक्कामाला राहिलेल्या फ्लोराइडपैकी ९९ टक्के दातांत आणि हाडांतच असतं.

दातांची आठ वर्षं

सुनेच्या पांढऱ्या दातांचं कोडं इथे सुटतं. दाताचं वरचं कडक आवरण, म्हणजे दंतवल्क, हिरडीच्या आत असतानाच घडतं. त्याच्या पेशी आधी प्रथिनांचा सांगाडा उभारतात, मग त्यात खनिज भरत जातात आणि प्रथिनं काढून घेतात. फ्लोराइड जास्त झालं की प्रथिनं काढण्याचं काम रेंगाळतं. आवरण सच्छिद्र राहतं. असा दात उगवतो तेव्हा खडूसारखा पांढरट असतो, पुढे त्या छिद्रांत रंग शिरून तो पिवळा, तपकिरी होतो. जास्त बिघाड असेल तर खड्डे पडतात.

अक्कलदाढा सोडल्या तर सगळ्या कायमच्या दातांचं हे काम साधारण आठव्या वर्षापर्यंत उरकतं. सून लग्न होऊन आली तेव्हा तिचे दात केव्हाच तयार झाले होते. तिच्या पोरांचे घडत होते. मामाच्या गावी राहून तिसरी-चौथीपर्यंत शिकलेल्या भावाचे दात स्वच्छ आणि घरीच वाढलेल्या धाकट्याचे डागाळलेले, असं एकाच घरात दिसतं ते यामुळेच.

तंबाखूचा किंवा न घासल्याचा डाग हिरडीच्या कडेला, कसाही पडतो. फ्लोराइडचा डाग आडवा असतो आणि दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखा. एवढं ठाऊक असलेले मास्तर पोराला रागावणार नाहीत. उलट वर्गातले दात पाहून गावच्या पाण्याची शंका घेतील.

दाट, पण कच्चं

हाडाला वय नसतं. दातांचं काम एकदा संपतं, हाडाचं कधीच संपत नाही. आपल्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी मोडून नव्यानं बांधला जातो. एका जातीच्या पेशी जुनं हाड खरवडतात, दुसऱ्या जातीच्या नवं रचतात. म्हणूनच तिशीत आलेल्या माणसाच्या हाडातही फ्लोराइड शिरतं.

हाडाची रचना कळायला तुराट्यांच्या कुडाची भिंत आठवावी. आत तुराट्यांची वीण, वरून मातीचा लेप. माती भार पेलते आणि तुराट्या धक्का सोसतात, वाऱ्यानं भिंत हलली तरी कोसळत नाही. हाडात तुराट्यांच्या जागी कोलॅजन नावाचे प्रथिनांचे धागे असतात आणि मातीच्या जागी कॅल्शियम-फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक. फ्लोराइड या स्फटिकांत शिरून त्यांतल्या एका घटकाची जागा बळकावतं. स्फटिक मोठे, जास्त टणक होतात. शिवाय ते रचणाऱ्या पेशींना चेतवतं, त्या लेपावर लेप चढवत जातात. भिंत जाड होते, जड होते. पण वीण तितकीच राहते, आणि घाईनं चढवलेला नवा लेपही विस्कळीत असतो. अशी भिंत दिसायला भक्कम, पण धक्क्याला तडकते.

हे नुसतं तर्कानं मांडलेलं नाही, माणसांवर पाहिलेलं आहे. फ्लोराइडनं हाड दाट होतं म्हणून एके काळी ठिसूळ हाडांच्या वृद्ध स्त्रियांना ते औषध म्हणून देऊन पाहिलं गेलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २०२ स्त्रियांवर केलेल्या चार वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कण्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. डॉक्टरांना आनंद व्हायला हवा होता, पण कण्याचे अस्थिभंग काही लक्षणीय कमी झाले नाहीत आणि हातापायांसारख्या इतर ठिकाणचे सुमारे तिप्पट झाले. दाट हाड म्हणजे मजबूत हाड, हा समज तिथे मोडला.

नवं हाड रचायला कॅल्शियम लागतं. आहारात ते नसेल तर शरीर एका ठिकाणचं उकरून दुसरीकडे लावतं. मग एकाच माणसाचा कणा दगडासारखा दाट आणि पायांची हाडं मऊ, असा विचित्र प्रकार होतो. वाढत्या मुलांत याचा परिणाम उघड दिसतो: पाय गुडघ्यात आत वळतात, गुडघे एकमेकांना घासतात आणि पावलं लांब लांब पडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९७३ साली तेव्हाच्या आंध्रातल्या फ्लोराइडबाधित भागातल्या अशा मुलांचं वर्णन केलं होतं. भातावर जगणाऱ्यांपेक्षा ज्वारीवर जगणाऱ्यांच्या शरीरात फ्लोराइड जास्त अडकून राहतं, असंही तिथल्या पुढच्या अभ्यासात दिसलं. यावरून कुणी भाकरी सोडू नये. गुन्हा भाकरीचा नाही, ताटात भाकरीसोबत जे नसतं त्याचा आहे.

मणक्यापासून मुठीपर्यंत

सुरुवात फार साधी असते. सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली, हातापायाला मुंग्या, चालायला लागलं की थोडं मोकळं. तपासणीत तेव्हा फारसं काही सापडत नाही. निरोगी हाडाच्या राखेत दहा लाख भागांत ५०० ते १,००० भाग फ्लोराइड असतं. पांगळेपणाच्या अवस्थेला पोचलेल्यांत ते ८,४०० च्या वर गेलेलं आढळतं. मधली वाट दहा-वीस वर्षांची.

या वाटेवर फ्लोराइड हाडापुरतं थांबत नाही. हाडाला हाड बांधणारे लवचीक बंध, स्नायूंच्या दोऱ्या, हाडांमधले पडदे, या जिथे लवायचं तिथल्या गोष्टींतही खनिज साचतं. कण्याचे मणके एकमेकांना जखडले जातात. बरगड्यांचे सांधे आवळले की छाती पुरती फुगत नाही आणि चढ चढताना दम लागतो. खांदा वर जात नाही, मग वेणी घालायला लेकीला बोलवावं लागतं. उकिडवं बसता येत नाही. खुरपायला वाकता येत नाही, म्हणजे मजुरी गेली. सगळ्यात वाईट प्रकार मानेत होतो: मज्जारज्जू ज्या नळीतून जातो ती चारी बाजूंनी अरुंद होत जाते, नसा दबतात आणि हातापायांतलं बळ जातं. तिथे शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो, आणि असं दाट हाड कोरणं शल्यविशारदालाही सोपं जात नाही.

एक्स-रेमध्ये एक खूण जाणत्या डॉक्टरला चटकन सापडते. दंडाच्या खाली, कोपर ते मनगट या भागात दोन हाडं असतात आणि त्यांच्यामध्ये पातळ पडदा. निरोगी माणसाच्या एक्स-रेत तो दिसतच नाही. फ्लोरोसिसमध्ये त्यात खनिज साचून हाडाच्या आतल्या कडेवर काटेरी पांढरी झालर उमटते. म्हणून कंबरदुखीच्या रुग्णाला डॉक्टर हाताचा एक्स-रे काढायला सांगतात, तेव्हा ते वेडे झालेले नसतात.

"वात आहे, वय झालं"

बहुतेकांच्या नशिबी हा एक्स-रे येतच नाही. आठवडी बाजाराला जायचं, दवाखान्यात सुई टोचून घ्यायची, चार दिवसांच्या गोळ्या बांधून आणायच्या. गोळ्या वेदना मारतात, माणूस कामावर जातो, पुन्हा तेच पाणी पितो. वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाणं मूत्रपिंडाला घातक असतं, आणि फ्लोराइड बाहेर टाकण्याची मुख्य वाट नेमकी तीच. मूत्रपिंड थकलं की हाडांत जाणारा वाटा वाढतो. दुखणं वाढतं, गोळ्या वाढतात. या चक्रात अडकलेल्या माणसाला "वय झालं" म्हणणं हा निव्वळ आळस आहे.

खरं तर निदानासाठी मोठं यंत्र लागत नाही. पाण्यातलं आणि लघवीतलं फ्लोराइड मोजायचं, दात पाहायचे, हाताचा एक एक्स-रे काढायचा. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे जाताना रुग्णानं घरच्या पाण्याची बाटली सोबत न्यावी आणि आपण कोणत्या गावाचं, कोणत्या बोअरचं पाणी किती वर्षं पितो हे आपणहून सांगावं. त्या एका वाक्यानं डॉक्टरची दिशा बदलू शकते.

> चौकट: तीन हालचाली
>
> फ्लोरोसिसच्या सर्वेक्षणात आरोग्य कर्मचारी या तीन हालचाली करायला सांगतात. घरीही करून पाहता येतात.
>
> १. गुडघे न वाकवता खाली वाकून पायाचे अंगठे धरणं.
> २. हनुवटी छातीला टेकवणं.
> ३. दोन्ही हात वर नेऊन डोक्याच्या मागे जुळवणं.
>
> यांतलं काही जमलं नाही म्हणजे फ्लोरोसिसच झाला असं नाही, संधिवातातही असं होतं. पण एकाच पाणवठ्यावरच्या अनेक घरांत, चाळिशीच्या आत-बाहेरच्या माणसांना हे जमत नसेल आणि मुलांच्या दातांवर आडवे डाग असतील, तर आधी पाणी तपासावं.

पाणी बदलणं हेच औषध

हाडात बसलेलं फ्लोराइड ओढून काढणारी गोळी नाही. पण हाड सतत मोडतं-बांधतं, त्यामुळे नवं फ्लोराइड येणं थांबलं की जुनं वर्षानुवर्षांत हळूहळू कमी होत जातं. पोटाच्या तक्रारी, थकवा, मुंग्या यांना तर पाणी बदलल्यावर बऱ्याचदा लवकर उतार पडतो. डागाळलेला दात पुन्हा मूळचा होत नाही, जखडलेला मणका सुटत नाही. म्हणून घाई मुलांसाठी करायला हवी.

पाणी उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. घागरीत तुरटी फिरवण्याचाही उपयोग नाही, कारण मात्रा मोजून घालावी लागते. नागपूरच्या नीरी या संस्थेनं १९७० च्या दशकात तुरटी आणि चुना ठरावीक प्रमाणात घालून, ढवळून, निवळू देण्याची रीत बसवली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. स्वस्त आहे, पण रोजचं मोजमाप आणि तळाला बसलेल्या गाळाची विल्हेवाट कुणीतरी निष्ठेनं करावी लागते. ॲल्युमिनाच्या दाण्यांची गाळणी हापशाला जोडता येते. तिची खोड अशी की दाणे भरले, निकामी झाले तरी पाणी पूर्वीसारखंच स्वच्छ वाहत राहतं. कुणाला पत्ताही लागत नाही.

आता गावोगावी आरओचे जार मिळतात आणि त्या यंत्रातून फ्लोराइड अडतं, हे खरं. पण जारचं पाणी प्यायला आणि हापशाचं स्वयंपाकाला, अशी वाटणी घरोघर दिसते. वरण-भाकरीतून फ्लोराइड जातच राहतं. यंत्राची पटलं वेळेवर बदलतात का, हेही विचारायला हवं.

सगळ्यात भरवशाचा उपाय जुनाच आहे: धरणाचं, नदीचं किंवा पावसाचं पाणी. ते खडकात मुरलेलं नसतं. नळयोजना पोचलेल्या गावांत निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. पण उन्हाळ्यात नळ आटला की पुन्हा हापशाकडे वळावं लागतं, आणि पाण्यात फ्लोराइड जास्त असलेला तो हापसा कुणी बंद केलेला नसतो. राज्यातल्या फ्लोराइडबाधित जिल्ह्यांचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापर्यंत गेला, जिल्हाधिकाऱ्यांना सुरक्षित पाणी देण्याचे आदेश झाले. आदेश आणि घागर यांच्यातलं अंतर मात्र गावानुसार बदलतं.

आहाराची मदत होते. ताक, दही, तीळ, शेवग्याची पानं, हरभऱ्याची कोवळी भाजी यांतून कॅल्शियम मिळतं. आवळा, लिंबू, पेरू यांतून क जीवनसत्त्व. आणि चिंच! हैदराबादच्या पोषण संस्थेच्या संशोधकांनी शाळकरी मुलांना रोज १० ग्रॅम चिंच देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या लघवीतून जास्त फ्लोराइड बाहेर पडलं. मराठवाड्यात चिंचेच्या झाडांना तोटा नाही. तरी चिंच हा जोडीचा उपाय, पाणी बदलण्याला तो पर्याय नाही.

राहिली तपासणी. ग्रामपंचायतीला आरोग्य खात्याकडून मिळणारं हिरवं कार्ड प्रामुख्यानं जंतुसंसर्गाच्या धोक्याबद्दल बोलतं, त्यावरून फ्लोराइडचा निर्वाळा मिळत नाही. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. त्या संचात नमुन्यात थेंब टाकले की पाणी गुलाबी होतं आणि फ्लोराइड जास्त असेल तर पिवळ्याकडे झुकतं. शंका आली की पक्का आकडा प्रयोगशाळेतून आणावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याला आणि उपविभागाला आहेत. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत न्यावा, काचेच्या नको, कारण फ्लोराइडची काचेशी क्रिया होते. गावातल्या प्रत्येक बोअरचा नमुना वेगळा द्यावा. अहवालात फ्लोराइडच्या ओळीपुढचा आकडा १.५ च्या वर असेल, तर ग्रामसभेत तो मोठ्यानं वाचून दाखवावा, त्या हापशावर 'पिण्यास व स्वयंपाकास नाही' असं रंगवून घ्यावं, आणि टँकर असो की जार, चांगलं पाणी आधी आठ वर्षांच्या आतली मुलं असलेल्या घरांत पोचवावं.